उच्च रक्तदाबामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत होणारे बदल

रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला की रोहिण्यांची (धमन्यांची) भिंत जाड होते, आतली पोकळी अरुंद होते आणि लवचिकपणा कमी होतो. सुरुवातीला हे बदल वाढलेल्या दाबाचा परिणाम असतात. पुढे तेच दाब वाढता ठेवतात. १४०/९० मिमी. पारा किंवा त्याहून अधिक दाब वारंवार आढळला की उच्च रक्तदाब असे निदान करतात. त्रास काहीच जाणवत नसतानाही भिंतीत फेरफार सुरू झालेले असू शकतात.

रोहिणीच्या भिंतीला तीन स्तर असतात. अंतःस्तरावरील पेशींचा एकेरी थर नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवतो. मध्यस्तरात अरेखित स्नायू आणि इलॅस्टिनचे लवचिक पापुद्रे असतात. बाह्यस्तरात मुख्यतः कोलॅजेनचे चिवट तंतू असतात. भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, जाडीच्या प्रमाणात घटतो. म्हणून दाब वाढला की वाहिनी भिंत जाड करते किंवा पोकळी आवळून घेते. ताण आटोक्यात येतो, पण रक्ताची वाट अरुंद होते.

सुमारे ०.१ ते ०.३ मिमी. व्यासाच्या लहान रोहिण्यांत हे विशेष महत्त्वाचे ठरते. प्राथमिक उच्च रक्तदाबात (म्हणजे दुसऱ्या आजारामुळे न झालेल्या) त्यांच्या भिंतीतील एकूण ऊती फारशा वाढत नाहीत. आहेत त्याच स्नायुपेशी लहान पोकळीभोवती नव्याने रचल्या जातात. प्रवाहाचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलत असल्याने त्रिज्या १० टक्क्यांनी घटली तरी अडथळा सुमारे दीडपट होतो. शिवाय जाड भिंतीची वाहिनी तेवढ्याच आकुंचनाने अधिक अरुंद होते. अंतःस्तरातले नायट्रिक ऑक्साइड कमी पडते आणि अँजिओटेन्सिन-२ हे वाहिन्या आवळणारे संप्रेरक स्नायुपेशींची वाढ व कोलॅजेनचा साठा वाढवते. दुष्टचक्र सुरू होते ते इथेच.

महारोहिणीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीची गोष्ट वेगळी आहे. तिथले इलॅस्टिन बहुतांशी जन्मापूर्वी आणि बालपणी तयार होते. दर ठोक्याला ताणून ते तुटले की तशीच भरपाई होत नाही. भार कित्येक पट ताठर असलेल्या कोलॅजेनवर जातो. मानेच्या रोहिणीपासून जांघेतल्या रोहिणीपर्यंत नाडीलहरीचा (ठोक्यासरशी उठणाऱ्या दाबाच्या लाटेचा) वेग सेकंदाला १० मीटरहून अधिक झाला तर महारोहिणी ताठर मानतात. मग वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. आजी-आजोबांचे १७०/७० पाहून ‘खालचे प्रेशर तर छान आहे’ म्हणणे ही घातक समजूत आहे. एवढी मोठी तफावत बहुधा ताठरपणाचीच खूण असते.

सूक्ष्म रोहिणिकांत रक्तद्रवातील प्रथिने भिंतीत झिरपून काचेसारखा एकजिनसी थर साचतो. मूत्रपिंडात त्यामुळे गाळणीचा रक्तपुरवठा तुटतो आणि लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन दिसू लागते. मेंदूच्या खोल भागात अशा वाहिन्या बंद पडून १५ मिमी.पर्यंतचे छोटे मृतभाग होतात, किंवा वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. दाब झपाट्याने फार वाढल्यास स्नायुपेशींचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक चढतात, भिंतीचा काही भाग मरतो. ही तातडीने रुग्णालयात नेण्याची अवस्था आहे.

या सगळ्यामागे दाबच आहे याचा पुरावा शरीरातच मिळतो. महारोहिणी जन्मतः एका जागी आवळलेली असेल तर त्या जागेच्या वरच्या रोहिण्या जाड होतात, खालच्या बऱ्याच अंशी वाचतात. बायपाससाठी हृदयावर जोडलेली पायाची नीला (हृदयाकडे रक्त परत नेणारी शीर) रोहिणीच्या दाबाखाली येताच जाड होऊ लागते.

जिवंत माणसाच्या सूक्ष्म वाहिन्या थेट दिसतात त्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर. तिथे अरुंद रोहिण्या आणि त्यांच्याखाली चेपलेल्या नीला दिसतात. म्हणून ठाणे-नवी मुंबईतल्या रुग्णाने डोळ्यांची बाहुली मोठी करून तपासणी, लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि ईसीजी या चाचण्या टाळू नयेत. मोजणीही नीट हवी. स्थानकाचा पूल चढून धापा टाकत आल्यावर घेतलेला आकडा विश्वासार्ह नसतो. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, पट्टा उघड्या दंडावर हृदयाच्या पातळीला बांधावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे.

लहान रोहिण्यांची रचना उपचाराने सुधारू शकते. पेरिंडोप्रिल किंवा लोसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या सुमारे वर्षभराच्या उपचारानंतर भिंत व पोकळी यांचे प्रमाण सुधारलेले आढळले. ॲटेनोलॉल या दुसऱ्या गोळीने दाब तेवढाच उतरूनही ते फारसे बदलले नाही. (तरी ॲटेनोलॉल चालू असेल तर मनाने एकदम थांबवू नये, नाडी आणि दाब उसळतात. पहिल्या दोन्ही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.) तुटलेले इलॅस्टिन मात्र परत येत नाही. आकडा १२०/८० आला म्हणून गोळी सोडणे ही सर्वांत सर्रास चूक: आकडा आठवड्यांत उतरतो, भिंतीला महिने लागतात.

मीठ दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत असावे. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही त्यातच मोजायचे. आगरी-कोळी घरांत नुसते उन्हात वाळवलेले बोंबील वेगळे आणि मिठात मुरवलेला खारा मासा वेगळा. जपायचे ते दुसऱ्याला. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंड अधू असलेल्यांनी आणि लोसार्टन, टेल्मिसार्टन किंवा पेरिंडोप्रिल घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते.