इंग्लंडमधील चर्चचे बॉयलर आणि २०३० चे उद्दिष्ट

जगभरातील अँग्लिकन चर्चच्या सल्लागार परिषदेने १९८४ मध्ये ठरवलेल्या मिशनकार्याच्या चार सूत्रांत १९९० मध्ये सृष्टीच्या जतनाचे पाचवे सूत्र जोडले, आणि २००६ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने, म्हणजे इंग्लंडमधील अँग्लिकन चर्चने, कर्बउत्सर्जन घटवण्याची राष्ट्रीय मोहीमही हाती घेतली. पण एवढ्याने कोणाची फारशी अडचण झाली नव्हती. ती झाली फेब्रुवारी २०२० च्या जनरल सिनॉडमध्ये, म्हणजे चर्चच्या निर्णय घेणाऱ्या राष्ट्रीय सभेत. निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी मूळ ठरावात २०४५ हे वर्ष होते. ते २०३० वर आणणारी दुरुस्ती १४४ विरुद्ध १२९ मतांनी मंजूर झाली.

इतक्या अटीतटीच्या मतदानामागे श्रद्धेचा वाद शोधण्यापेक्षा तळघरातला, वास्तू तापवणारा बॉयलर पाहावा. चर्चची सुमारे सोळा हजार प्रार्थनामंदिरे असून त्यांतील बहुसंख्य वारसा यादीत आहेत. उंच छत, दगडी भिंती आणि आठवड्यातून एकदोनदाच होणारी उपासना, अशा वास्तूत जळणाऱ्या गॅसची किंवा तेलाची बरीचशी ऊब बाकांपर्यंत न पोहोचता छताखालीच साठते. तरीही जुना बॉयलर बंद पडला की तसाच नवा बसवणे सोपे आणि तुलनेने स्वस्त होते, आणि हा खर्च उभा करायचा तो स्थानिक मंडळीच्या बिनपगारी पदाधिकाऱ्यांनी. सिनॉडने वर्ष ठरवावे आणि वर्गणी गावाने गोळा करावी, ही त्यांची तक्रार मला तरी गैरवाजवी वाटत नाही.

जुलै २०२२ मध्ये मात्र चर्चच्या परवानगीच्या नियमांतच बदल झाला. गॅस किंवा तेलाच्या बॉयलरच्या जागी तसाच बॉयलर बसवायचा तर आता रीतसर पूर्ण परवानगी घ्यावी लागते आणि दुसरे पर्याय तपासल्याचे दाखवावे लागते. उलट बाकांखालील विजेचे हीटर बसवण्याची वाट सुकर झाली. अख्खी वास्तू तापवण्यापेक्षा बसलेल्या माणसाला ऊब द्यावी, असा त्यामागचा विचार आहे. त्याच महिन्यात सिनॉडने कृतिआराखडा स्वीकारला आणि त्यासाठी १९ कोटी पौंडांची तरतूदही त्याच वर्षी जाहीर झाली. माझ्या मते विरोधाची धार कमी करण्याची शक्यता प्रवचनांपेक्षा या तरतुदीत अधिक होती, कारण मूळ आक्षेपच पैशाचा होता.

जुन्या वास्तूंचे रूप बिघडेल, हा वारशाचा आक्षेप मात्र निधीने मिटणारा नव्हता. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे चॅपल (प्रार्थनागृह) चर्चच्या नव्हे, कॉलेजच्या मालकीचे आहे, पण तिथेही तोच वाद झाला. छतावर ४३८ सौर पॅनेल बसवण्यास हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा संस्थेने हरकत घेतली होती. नगर परिषदेने २०२३ मध्ये तरीही मंजुरी दिली आणि त्याच वर्षी पॅनेल बसली.