गप्पी की गंबुशिया? मादीची शेपटी बघा

मिरजेजवळच्या मळ्यातल्या विहिरीतून भाच्याने बाटली भरून मासे आणले. "मामा, गप्पी!" मीही वरवर बघून टँकमध्ये सोडले. चार दिवसांत माझ्या रंगीत गप्पी नरांच्या शेपट्यांच्या चिंध्या झाल्या. ते गप्पी नव्हतेच, गंबुशिया होते.

ही गल्लत सहज होते, कारण डासांच्या अळ्या खायला सोडलेल्या कुठल्याही बारक्या माशाला आपण सरसकट 'गप्पी' म्हणतो. दोघे एकाच कुळातले. अंडी न घालता थेट पिल्लं देणारे. नर सांगता येतो: गप्पीचा नर इंचभर, अंगावर नारिंगी, निळे, काळे डाग, गंबुशियाचा नर नुसता राखाडी. फसायला होतं ते माद्यांपाशी. दोन्ही मातकट, दोन्हींच्या पोटाशी काळा डाग. मादी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाकडे धरा. शेपटीवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी दिसल्या तर गंबुशिया. साध्या गप्पी मादीची शेपटी बहुधा कोरी असते. शिवाय गंबुशियाचा पाठीवरचा पर पोटाखालच्या परापेक्षा बराच मागे, शेपटीकडे असतो. एकदा नजर बसली की चुकत नाही.

गप्पी मूळचा व्हेनेझुएला, त्रिनिदादकडचा. त्रिनिदादहून नमुने पाठवणाऱ्या लेचमिअर गप्पी यांच्यावरून 1866 मध्ये हे नाव पडलं. गंबुशिया अमेरिकेच्या दक्षिण भागातला. हिवतापावर उपाय म्हणून 1928 मध्ये तो इटलीमार्गे भारतात आला.

अळ्या खाण्यात गंबुशिया सरस, पण त्याला पाणी बरं लागतं. सांडपाण्याच्या डबक्यात गप्पीच तग धरतो. आणि गंबुशियाची भूक अळ्यांवर थांबत नाही: दुसऱ्या माशांची अंडी, बेडकांची पिल्लं, काहीही. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणून टँकमध्ये इतर माशांबरोबर तो कधीच नको.

नदीत मात्र दोघेही नकोत. गप्पी गोड दिसतो म्हणून त्याला सूट देऊ नका, तोही परकाच. एका मिलनावर गप्पी मादी पुढे कित्येक महिने पिल्लं देत राहते, त्यामुळे एकटी मादी सुटली तरी पुरे. कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं की अंगणातला हौद आणि नदी एकच होतात, हे सांगलीने 2019 मध्ये पाहिलं आहे. टँक नकोसा झाला तर मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्या, घाटावर नेऊन सोडू नका.

भाच्याने आणलेले ते सात गंबुशिया आता गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात वेगळे आहेत. पिल्लं जेमतेम तांदळाएवढी असतात, म्हणून जादा पाणी जायच्या पाइपला मच्छरदाणीचा तुकडा दुहेरी करून बांधला आहे.