ड्युअल बूट

ड्युअल बूट : एकाच संगणकावर दोन परिचालन प्रणाली बसवून संगणक सुरू करताना त्यांपैकी हवी ती निवडण्याची व्यवस्था. एका वेळी एकच प्रणाली चालते व तिला संपूर्ण स्मृती आणि प्रक्रियक उपलब्ध होतो, म्हणून आभासी यंत्रापेक्षा ही व्यवस्था वेगळी ठरते. विंडोज व लिनक्स ही जोडी विशेष प्रचलित आहे.

या व्यवस्थेचा आरंभ कोठे मानावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. एका डिस्कवर अनेक प्रणालींना जागा देणे एवढाच निकष लावल्यास १९८३ मधील पीसी डॉस २.० या आयबीएमच्या परिचालन प्रणालीपर्यंत मागे जावे लागते. त्यासोबत आलेल्या विभाग-तक्त्यात (डिस्कच्या विभागांच्या, म्हणजे पार्टिशनांच्या, यादीत) चार नोंदींची सोय होती व त्यांपैकी एक ‘सक्रिय’, म्हणजे जेथून संगणक सुरू होईल अशी, ठरवता येत असे. ओएस/२ या आयबीएमच्या नंतरच्या परिचालन प्रणालीच्या परिभाषेत मात्र ‘ड्युअल बूट’चा अर्थ संकुचित होता : डॉस व ओएस/२ एकाच विभागात ठेवून ‘बूट’ या आज्ञेने आलटून पालटून सुरू करणे. वेगवेगळ्या विभागांतील प्रणालींची यादी दाखवणारी सोय तेथे ‘बूट मॅनेजर’ म्हणून ओळखली जाई आणि ती १९९२ मधील ओएस/२ २.० मध्ये होती. म्हणजे आजची संज्ञा ओएस/२ मधील ‘ड्युअल बूट’वरून आली असे मानले, तरी तिचा आजचा आशय ‘बूट मॅनेजर’शी अधिक जुळतो. प्रस्तुत नोंदीत हाच आशय ग्राह्य धरला आहे.

जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरात (साठवणीच्या सर्वांत लहान कप्प्यात) सर्व काही सामावलेले असे : सुमारे ४४६ बाइट आरंभीच्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट तक्त्यासाठी आणि २ बाइट खुणेसाठी. एवढ्या जागेत निवडीची यादी मावणे अवघड असल्याने लिनक्ससोबत वापरल्या जाणाऱ्या ग्रबसारखा बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारी आज्ञावली) आपला पुढचा भाग पहिला सेक्टर व पहिला विभाग यांमधील रिकाम्या सेक्टरांत ठेवत असे. त्या जागेवर अधिकृत मालकी कोणाचीच नव्हती. परवाना तपासणारी काही व्यापारी सॉफ्टवेअरे तेथेच आपली खूण लिहीत, आणि मग विंडोजमधील एखादा प्रोग्रॅम चालवल्यानंतर लिनक्सच काय, संगणकही सुरू होईनासा होई. पुढे ग्रबच्या त्या भागात रीड–सॉलोमन दोषदुरुस्ती संकेत (बिघडलेली माहिती पुन्हा जुळवणारे) घालण्यात आले, ते याच कारणाने. विंडोजची जुनी स्थापना पहिल्या सेक्टरावर आपली आज्ञावली निमूटपणे लिहीत असे. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा रूढ क्रम तेथूनच आला.

यूईएफआय फर्मवेअर (संगणक सुरू करणारी, मदरबोर्डवरील नवी आज्ञावली) व जीपीटी विभागणी (डिस्कच्या विभागांची नवी पद्धत) आल्यावर प्रत्येक प्रणालीचा बूटलोडर एका सामाईक फॅट विभागात स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतो आणि त्याची नोंद फर्मवेअरच्या स्मृतीत होते. त्यामुळे वरील क्रम आता तितका बंधनकारक नसला, तरी सोयीचा आहेच. मात्र दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने, म्हणजे दोन्ही यूईएफआयनेच, बसवणे इष्ट.

सुरक्षिततेचा प्रश्न मुख्यतः दोन्ही प्रणालींना सामाईक असलेल्या गोष्टींशी निगडित आहे. माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणे गृहीतच आहे. विंडोजचा विभाग विंडोजच्याच साधनाने लहान करावा व मोकळ्या जागेत दुसरी प्रणाली बसवावी. बिटलॉकर (विंडोजची डिस्क-कूटबद्धीकरणाची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली आधी लिहून ठेवावी, कारण बूटक्रमातील बदलामुळे ती मागितली जाऊ शकते. विंडोज ८ पासूनच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे बंद केलेला संगणक अंशतः निद्रावस्थेतच असतो, अशा वेळी विंडोजचा विभाग लिनक्समधून लिहिण्यासाठी उघडल्यास माहिती बिघडण्याचा धोका असतो, म्हणून ही सोय बंद करणे श्रेयस्कर. संगणकाचे घड्याळ विंडोज स्थानिक वेळेवर, तर लिनक्स बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालते असे मानते. एकातून दुसऱ्यात गेल्यावर वेळ चुकते ती यामुळे.

सुरक्षित बूट (केवळ मान्य स्वाक्षरी असलेल्याच आज्ञावलीने संगणक सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) चालू असताना लिनक्सचा बूटलोडर ‘शिम’ या स्वाक्षरित दुव्यातून सुरू होतो. ऑगस्ट २०२४ मधील विंडोज अद्ययावतानंतर जुन्या शिमची मान्यता रद्द झाली व काही ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले. ग्रब २.०६ पासून इतर प्रणालींचा शोध मूळतः बंद असतो; त्यामुळे यादीतून विंडोज गायब दिसले, तरी ते पुसले गेलेच असे नाही.

ॲपलच्या इंटेल प्रक्रियक असलेल्या संगणकांसाठी बूट कॅम्प ही अशीच सोय २००६ मध्ये चाचणीरूपात आली. कंपनीच्या स्वतःच्या प्रक्रियकांच्या संगणकांवर ती उपलब्ध नाही.