मातीचा सामू : कोरफड व मांसल वनस्पतींसाठी

मातीतील पाणी आम्लधर्मी आहे की विम्लधर्मी (अल्कधर्मी), हे दाखवणारा अंक म्हणजे सामू. बोलण्यात त्यालाच ‘पीएच’ म्हणतात. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या या मोजपट्टीवर ७ हा अंक उदासीन, त्याखालचे आम्लधर्मी व वरचे विम्लधर्मी असतात आणि एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. कुंडीतल्या कोरफडीसाठी साधारण ६ ते ७ सामू सुचवला जातो. मात्र निचरा चांगला असेल तर ८ च्या पुढची मातीही ती सोसते.

ही सहनशीलता कुठून आली, हा प्रश्न मूळस्थानाच्या वादाशी जोडलेला आहे. कोरफडीची लागवड फार प्राचीन काळापासून होत आल्याने तिचे रानटी रूप ओळखणे अवघड झाले. उत्तर आफ्रिका, कॅनरी बेटे आणि अरबस्तान ही तिन्ही स्थळे सुचवली गेली. कोरफडीच्या ‘ॲलो बार्बाडेन्सिस’ या शास्त्रीय नावातले बार्बाडोस बेट मात्र केवळ लागवडीचे ठिकाण होते. नावाचाही वाद आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ बर्मन यांचे ‘ॲलो व्हेरा’ आणि मिलर यांचे ‘ॲलो बार्बाडेन्सिस’ ही दोन्ही नावे १७६८ मधली; त्यांत बर्मन यांचे नाव काही दिवस आधीचे मानले जाते, म्हणून तेच ग्राह्य धरतात. अलीकडच्या आनुवंशिक अभ्यासांचा कल अरबी द्वीपकल्पाकडे असून येथे तेच मत अधिक संभाव्य मानले आहे. त्या कोरड्या प्रदेशांत पाऊस कमी असल्याने क्षार वाहून जात नाहीत, आणि चुनखडीची जमीनही पुष्कळ आहे. विम्लधर्मी माती सोसण्याची सवय तिथलीच असावी.

इंदूरच्या वाचकाला हे विशेष महत्त्वाचे आहे. माळव्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली, चिकण व चुनखडीयुक्त असून तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. अशा मातीत कोरफड दगावली की दोष सामूला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. पावसाळ्यात ही माती फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळे कुजतात. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि मुळे तुटतात. सामूचा खरा दोष दिसतो तो कोवळ्या पानांवर. सामू वाढला की लोहाची विद्राव्यता झपाट्याने घटते, आणि झाडातले लोह जुन्या पानांतून नव्याकडे सहज जात नसल्याने नवी पाने आधी फिकट पिवळी पडतात. पाने तांबूस होणे हे मात्र बहुधा कडक ऊन किंवा पाण्याच्या ताणाचे लक्षण असते.

गंधक मिसळून सामू उतरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जमिनीतले जिवाणू गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल करतात, पण ते आम्ल आधी चुनखडीच खाते. एक किलो गंधकाला सुमारे ३.१ किलो चुनखडी निष्प्रभ करता येते. १० किलो मातीच्या कुंडीत ५ टक्के चुनखडी असेल, तर ती संपवायलाच सुमारे १६० ग्रॅम गंधक लागेल. तोवर सामू फारसा हलणार नाही. जिप्समचा उपयोग सोडियमयुक्त चोपण जमिनीसाठी होतो, चुनखडीच्या मातीचा सामू त्याने उतरत नाही. मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर ती फसफसली, तर दुरुस्तीपेक्षा मिश्रण बदलणे शहाणपणाचे. जाड रेती, मुरूम आणि कुजलेले शेणखत किंवा पानांचे खत मिळून मुख्य भाग व्हावा, काळी माती थोडीच असावी. विटांचे तुकडे घालताना त्यांना जुना चुना वा सिमेंट चिकटलेले नसावे.

खताच्या बाबतीत इंदूरचे नाव जगभर गेले आहे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये येथे उभारलेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत कंपोस्ट खत बनवण्याची ‘इंदूर पद्धत’ विकसित झाली आणि यशवंत वाड यांच्या सहकार्याने १९३१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. कुजताना ढिगात आम्लता वाढून जिवाणूंचे काम मंदावू नये, म्हणून त्यात मूत्र शोषलेली माती आणि लाकडाची राख मिसळत. पण राख आम्लता मारते, हे तत्त्व कुंडीत उलटे बाधते: आधीच विम्लधर्मी असलेल्या माळव्याच्या मातीत चुलीची राख घालू नये. बोअरिंगच्या जड पाण्यातले बायकार्बोनेटही हळूहळू सामू चढवते. पावसाचे साठवलेले पाणी त्यावर उत्तम उपाय ठरते.

इतर मांसल (पाना-खोडांत पाणी साठवणाऱ्या) वनस्पतींना एकच माप लागू नाही. मेक्सिकोच्या चुनखडीच्या डोंगरांवर वाढणाऱ्या ॲस्ट्रोफायटमसारख्या निवडुंगांना उदासीन ते किंचित विम्लधर्मी माती चालते. ब्राझीलच्या जंगलांत झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या ख्रिसमस कॅक्टसला ५.५ ते ६.५ बरा. हावर्थिया आणि जेड यांना सामान्यतः ६ ते ७ पुरतो.

पानातल्या आंबटपणाचा मातीशी गोंधळ करू नये. पानफुटीचे पान सकाळी आंबट व दुपारी बेचव लागते, ही नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी १८१५ च्या सुमारास भारतातच केली होती. ती आम्लता रात्री साठवलेल्या मॅलिक आम्लाची. मातीचा सामू मोजताना आपल्याकडील प्रयोगशाळा एक भाग मातीस अडीच भाग शुद्ध पाणी घेतात. नळाचे पाणी वापरल्यास येणारा अंक मातीबरोबर पाण्याचाही असतो.