‘आपण’ जिंकलो, पण ‘तो’ गेला

८ जुलै २०१०, गुरुवारची रात्र. अमेरिकेतल्या ग्रीनिच गावात मुलांच्या एका क्लबात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. एकीवर मुलाखतकार, दुसरीवर चौकटीचा शर्ट घातलेला पंचवीस वर्षांचा लेब्रॉन जेम्स. कार्यक्रमाचं नाव ‘द डिसिजन’. क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्स या बास्केटबॉल संघात सात हंगाम काढल्यावर पुढे कुठे खेळायचं, हे हा माणूस थेट प्रक्षेपणात जाहीर करणार होता. जवळपास अर्धा तास इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या आणि मग तो म्हणाला, माझं कसब घेऊन मी साउथ बीचला चाललोय. म्हणजे मायामी हीट संघाकडे.

क्लीव्हलँडमध्ये त्याच रात्री लेब्रॉनच्या २३ नंबरचे शर्ट जाळले गेले. पॉलिएस्टरचा शर्ट सुती कपड्यासारखा भडकत नाही. तो आकसतो, वितळतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि पाठीवरचं नाव वाचता येईनासं होतं. गंमत अशी की हे शर्ट लेब्रॉनचे नव्हते. पेटवणाऱ्यांनी ते स्वतःच्या पैशांनी विकत घेतले होते, वर्षानुवर्षं अंगावर मिरवले होते. जळत होती ती स्वतःचीच वस्तू.

संघाचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी रातोरात चाहत्यांना खुलं पत्र लिहिलं, तेही शाळेतल्या फलकावर शोभेल अशा कॉमिक सॅन्स फॉन्टमध्ये. गेलेल्या ‘राजा’च्या (हे लेब्रॉनचं टोपणनाव) आधी क्लीव्हलँड विजेतेपद मिळवेल, अशी हमी त्यात होती. (मायामीने पुढे २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. रागाच्या भरात हमी देऊ नये.) गिल्बर्ट यांच्याच एका कंपनीने लेब्रॉनच्या भिंतीवर चिकटवायच्या चित्रांची किंमत उतरवून १७.४१ डॉलर केली. बेनेडिक्ट अर्नोल्डचा जन्म १७४१चा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांना जाऊन मिळालेला हा सेनापती, म्हणजे तिकडच्या लोकांच्या तोंडी बसलेला सूर्याजी पिसाळ.

एवढं झालं होतं काय? करार संपलेल्या एका माणसाने नोकरी बदलली होती. आपल्यापैकी कोणी पुण्यातली कंपनी सोडून बंगळुरूला गेलं तर ऑफिसात केक कापतात.

ही गोष्ट मानसशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण ती दोनदा घडली. लेब्रॉन २०१४ मध्ये क्लीव्हलँडला परतला आणि २०१८ मध्ये ते शहर सोडून पुन्हा गेला, या वेळी लॉस एंजलिस लेकर्सकडे. खेळाडू तोच आणि शहरही तेच, पण दुसऱ्या वेळी शर्टांच्या होळ्या झाल्या नाहीत. पहिल्या वेळी जे दुखलं ते दुसऱ्या वेळी का दुखलं नाही?

सुरुवात एका सर्वनामापासून करू. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘आम्ही’त समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तोही येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे तिकडच्या संशोधकांना जे प्रयोग करून शोधावं लागलं, ते आपल्याला चहाच्या टपरीवर ऐकू येतं. सामना जिंकला की ‘आपण जिंकलो’. हरला की ‘ह्यांनी पुन्हा माती खाल्ली’. एका रात्रीत ‘आपण’चे ‘हे’ होतात.

रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हेच मोजलं. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांमध्ये सोमवारी वर्गात किती विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येतात, याची त्यांनी नोंद ठेवली. शनिवार-रविवारी फुटबॉल संघ जिंकलेला असला की तसे कपडे जास्त दिसत. मग त्यांनी विद्यार्थ्यांना फोन केले. आधी विद्यापीठातल्या जीवनाबद्दल छोटी चाचणी घेतली, काहींना ‘छान जमलं’ सांगितलं, काहींना ‘फारसं नाही जमलं’. त्यानंतर सहज विचारल्यासारखं विद्यापीठाच्या एका सामन्याबद्दल विचारलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना ‘आपण’ आणि हरलेल्या सामन्याबद्दल ‘ते’, हा फरक ठळक दिसला तो मुख्यतः ज्यांना नापास झाल्याचं सांगितलं होतं त्यांच्यात. स्वतःचं काही बिनसलेलं असलं की माणूस दुसऱ्याच्या यशाचा पदर जास्त घट्ट धरतो.

याची दुसरी बाजू इंडियाना विद्यापीठात दिसली, आणि तिथला खेळ बास्केटबॉलच होता. एडवर्ड हर्ट यांच्या गटाने कट्टर चाहत्यांना सामना दाखवला आणि नंतर विचारलं, अमुक छोटी कामं तुम्हाला कितपत जमतील? संघ हरलेला असताना चाहत्यांनी स्वतःच्या कुवतीचा अंदाजही कमी सांगितला. चेंडू टाकणारे हात दुसऱ्याचे आणि विश्वास डळमळला तो सोफ्यावर बसलेल्याचा. संघ हा असा स्वतःच्या मोजमापात मिसळलेला असतो. मग त्यातला सर्वांत मोठा तुकडा कोणी काढून नेला तर काय होत असेल?

आता क्लीव्हलँडकडे बघू. ईरी सरोवराच्या काठचं पोलादाचं, कारखान्यांचं शहर. १९५० मध्ये लोकवस्ती सुमारे नऊ लाख पंधरा हजार, २०१० मध्ये चार लाखांच्या आत. गिरणगावाची आठवण असलेल्या मुंबईकराला हे आकडे समजावून सांगावे लागणार नाहीत. तरुण पोरं जिथून साठ वर्षं बाहेर पडत होती, असं हे गाव. १९६४ नंतर तिथल्या एकाही मोठ्या संघाने विजेतेपद आणलेलं नव्हतं. १९९५ मध्ये तर फुटबॉल संघाच्या मालकाने अख्खा संघच बाल्टिमोरला हलवायचं ठरवलं. अशा ठिकाणी, शेजारच्याच अॅक्रन गावात एक पोरगा जन्मतो, शाळेतून थेट व्यावसायिक खेळात येतो आणि सोडतीत नेमका याच संघाच्या वाट्याला येतो. तो नुसता चांगला खेळाडू नव्हता. सगळे जात असताना राहिलेला एक, असा त्याचा अर्थ शहराने लावला होता. मग तोही गेला, आणि गेला कुठे, तर समुद्रकिनाऱ्यावर ऊन खायला.

माणूस अशा वेळी परक्यापेक्षा आपल्याच माणसावर जास्त चिडतो, हेही तपासलेलं आहे. बेल्जियममध्ये जुझे मार्क्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की आपल्या गटातल्या चांगल्या माणसाला लोक परक्या चांगल्या माणसापेक्षा जास्त गुण देतात, पण आपल्यातल्या वाईट माणसाला मात्र परक्या वाईट माणसापेक्षाही खाली ढकलतात. याला ‘काळ्या मेंढीचा परिणाम’ म्हणतात. शत्रूने वार केला तर तो शत्रूच असतो. घरभेद्यामुळे मात्र घर म्हणजे नक्की कोण, हाच प्रश्न उभा राहतो. तो सोडवायचा सोपा उपाय म्हणजे त्या माणसाला मोठ्याने, सर्वांदेखत बाहेर काढणं. २ डिसेंबर २०१० ला लेब्रॉन मायामीच्या कपड्यात क्लीव्हलँडच्या मैदानावर उतरला तेव्हा प्रेक्षक एक घोषणा देत होते: अॅक्रन तुझा द्वेष करतं. अॅक्रन म्हणजे त्याचं जन्मगाव. हुर्यो उडवायला हजार शब्द होते, पण लोकांनी नेमकं त्याचं ‘इथला’ असणं काढून घेतलं. त्याने त्या रात्री ३८ गुण केले आणि मायामी ११८-९० ने जिंकलं.

पुढच्या जूनमध्ये मायामी अंतिम फेरीत डॅलस मॅव्हेरिक्सकडून हरलं. क्लीव्हलँडचा त्या मालिकेशी काही संबंध नव्हता, तरी गावात दिवाळी. क्लीव्हलँड ज्या राज्यात येतं त्या ओहायोच्या राज्यपालांनी डॅलसच्या खेळाडूंना मानद ओहायोकर जाहीर करून टाकलं! हा आनंद कोत्या मनाचा वाटेल, पण त्याचा ठावठिकाणा मेंदूत सापडतो. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी बेसबॉलमधल्या दोन कट्टर प्रतिस्पर्धी संघांच्या, रेड सॉक्स आणि यांकीजच्या, चाहत्यांना स्कॅनरमध्ये झोपवून खेळातले प्रसंग दाखवले. आपला संघ यशस्वी झाला की मेंदूच्या आतल्या, बक्षिसाच्या सुखाशी जोडलेल्या भागात हालचाल वाढे. प्रतिस्पर्धी फसला तरी तीच वाढे, अगदी तो तिसऱ्याच, आपल्याशी देणंघेणं नसलेल्या संघाविरुद्ध फसला असला तरी. आणि ज्यांच्यात ही हालचाल जास्त, त्यांनी प्रतिस्पर्धी चाहत्याला शिवीगाळ किंवा मारहाण करण्याची आपली शक्यताही जास्त सांगितली होती. इथे मात्र हसू थांबतं.

पण जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूवर लोक चिडत नाहीत. याचा उत्तम पुरावा त्याच डॅलसने दिला. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला एका रात्री उशिरा बातमी आली की लुका डॉन्चिच या पंचवीस वर्षांच्या खेळाडूला संघाने लेकर्सकडे पाठवून बदल्यात अँथनी डेव्हिस घेतला आहे. आदल्याच हंगामात लुकाने संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. त्याला स्वतःलाही कल्पना नव्हती. चाहते मैदानाबाहेर चक्क शवपेटी घेऊन आले. दुःख क्लीव्हलँडइतकंच होतं, पण शर्ट पेटले नाहीत. पुढे कित्येक आठवडे सामन्यांत घोषणा घुमत राहिल्या, त्या व्यवस्थापक निको हॅरिसन यांना काढा म्हणून. एप्रिलमध्ये लुका लेकर्सकडून तिथे खेळायला आला, त्याची जुनी क्षणचित्रं पडद्यावर दाखवली तेव्हा तो बाकावर बसून रडला, आणि मग ४५ गुण करून त्याने डॅलसला हरवलं. टाळ्या त्यालाच. नोव्हेंबरमध्ये हॅरिसन यांची नोकरी गेली.

बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाने मांडलेला नियम इथे चपखल बसतो. नुकसान ज्याच्या हातात होतं असं आपल्याला वाटतं, त्याच्यावर राग येतो. ज्याच्या हातात नव्हतं त्याची कीव येते. लेब्रॉनने निवडलं होतं, लुकाला पाठवलं होतं. मला मात्र यात चाहत्यांचा एक आंधळा कोपरा दिसतो. संघ खेळाडूला विकतो तेव्हा तो ‘धंदा’ असतो आणि खेळाडू संघ सोडतो तेव्हा ती ‘गद्दारी’ होते. डॅलसच्या लोकांनी निदान या एका वेळी धंद्यालाही गद्दार म्हटलं.

आता आपल्याकडची एक गोष्ट, कारण ती वानखेडेवर घडली. गुजरात टायटन्सचा कर्णधार हार्दिक पंड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सकडे परत आला आणि महिन्याभरात रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला. १ एप्रिल २०२४ ला घरच्या मैदानावर नाणेफेकीला आला तेव्हा अशी हुर्यो उडाली की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. आमच्या सोसायटीतला आठवीतला एक मुलगा त्या दिवसांत मुंबईचा निळा शर्ट उलटा घालून फिरायचा. ‘आतून मी रोहितचा आहे’ हे त्याचं स्पष्टीकरण. २९ जूनला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक याच हार्दिकने टाकलं आणि भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’ असा गजर झाला. मध्ये ९४ दिवस गेले होते.

याला निव्वळ चंचलपणा म्हणून सोडून देता येणार नाही. इंग्लंडमध्ये मार्क लिव्हाइन यांच्या गटाने मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांवर एक प्रयोग केला. चाहत्यांशी आधी त्यांच्या संघाबद्दल बोलायचं आणि मग त्यांना शेजारच्या इमारतीत पाठवायचं. वाटेत एक धावपटू पाय मुरगळून पडायचा, अर्थात ठरवून. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असला की बहुतेक जण मदतीला थांबत, लिव्हरपूलचा असला की थोडेच. पुढच्या फेरीत आधीचं बोलणं फक्त बदललं: तुमच्या संघाऐवजी फुटबॉलप्रेमी असण्याबद्दल. आता लिव्हरपूलचा शर्टवालाही बहुतेकांना आपला वाटू लागला. साध्या शर्टातला मात्र तसाच पडून राहायचा. ‘आपण’चं कुंपण काही मिनिटांच्या गप्पांनी सरकतं, मग विश्वचषकाने का सरकू नये?

कुंपण सरकलं तरी क्लीव्हलँडचा हिशोब तेवढ्याने भागला नसता, असं माझं मत. तिथे थकबाकी होती. २०१४ मध्ये परतताना लेब्रॉनने टीव्हीचा तमाशा केला नाही, एका मासिकात मी घरी येतोय असं लिहिलं आणि शहराला विजेतेपद द्यायचंय असंही म्हटलं. १९ जून २०१६ ला, मालिकेत ३-१ असं मागे पडूनही, क्लीव्हलँडने गोल्डन स्टेट वॉरिअर्सला सातव्या सामन्यात ९३-८९ ने हरवलं. बावन्न वर्षांनी विजेतेपद आलं. मिरवणुकीला लोटलेल्या गर्दीचा अंदाज शहराच्या लोकसंख्येच्या तिपटीहून जास्त, सुमारे तेरा लाख, असा लावला गेला.

त्यामुळे २०१८ मध्ये एका छोट्याशा पत्रकावर तो पुन्हा गेला, तेव्हा तो ‘आपण’मधून वजा झाला नाही, त्यातच राहून दूरगावी गेला. २१ नोव्हेंबर २०१८ ला लेकर्सच्या कपड्यात तो क्लीव्हलँडला आला. आठ वर्षांपूर्वी जिथे त्याच्या जन्मगावाच्या नावाने शिव्या मिळाल्या होत्या, तिथे पडद्यावर त्याच्या आठवणी दाखवल्या गेल्या आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. त्याने ३२ गुण केले. क्लीव्हलँड याही वेळी हरलं, १०९-१०५.