जुन्या परफ्युममधलं चंदन

जुन्या परफ्युममधलं चंदन ओळखणं म्हणजे तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त वर्षांपूर्वीच्या सेंटात, अत्तरात खऱ्या चंदनतेलाचा जो तळ बसलेला असतो तो नाकानं शोधून काढणं. हे काम घाईचं नाही, कारण चंदन सगळ्यात शेवटी येतं. बाटली उघडल्यावर आधी लिंबू-संत्र्याचे हलके वास उडतात, मग फुलं येतात, आणि तास-दीड तासानं, आपण विसरून चहा पीत बसलो की मनगटावर ते दुधाळ, लोण्यासारखं, जरा गोडसर असं काहीतरी राहिलेलं असतं, तेच ते.

ज्यांच्या देवघरात सहाण आणि खोड आहे त्यांचं अर्धं शिक्षण घरीच झालेलं असतं. पण उगाळलेल्या गंधाचा वास ओला, थंड, थोडा मातकट असतो, तेल त्यापेक्षा उबदार लागतं, त्यामुळे पहिल्यांदा हुंगणारा हमखास म्हणतो, हे काही चंदन नाही बाप्पा. नागपुरात ताजबागच्या दर्ग्याच्या उर्साला संदल म्हणजे मिरवणूक निघते, त्या नावातच चंदन आहे.

तेल खोडाच्या आतल्या गाभ्यात आणि मुळात असतं, म्हणून झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. झाड अर्धपरजीवी आहे, शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी आणि क्षार ओढतं, आणि चांगला गाभा धरायला पंचवीस-तीस वर्षं घेतं. वासाचा मुख्य भाग म्हणजे तेलातली अल्फा आणि बीटा सँटालॉल ही दोन रसायनं. म्हैसूरचं लाकूड आधी युरोपात जायचं आणि तेल तिकडे निघायचं, पहिल्या महायुद्धात तो माल अडकला म्हणून 1916 च्या सुमारास म्हैसूर संस्थाननं स्वतःच तेल काढायला सुरुवात केली, साबणाचा धंदाही त्यातूनच निघाला.

फ्रेंच परफ्युमवाल्यांनी हे तेल सढळ हातानं वापरलं. शनेलचं बुआ दे झील (1926, एर्नेस्ट बो) आणि गेरलँचं सामसारा (1989) ही नेहमी सांगितली जाणारी नावं, त्यातही सामसारात खऱ्या चंदनासोबत पॉलिसँटॉल नावाचं बनवलेलं रसायन होतं, म्हणजे जुनं तेवढं सगळं शुद्ध हा समज खोटा आहे. पुढे चंदनाच्या झाडांना लागणारा स्पाइक रोग, चोरटी तोड आणि चढलेले भाव यामुळे तेल मिळेना, 1998 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं झाड असुरक्षित ठरवलं. त्याजागी ऑस्ट्रेलियातलं चंदन आणि जॅव्हॅनॉल, इबॅनॉल सारखी चंदनाच्या वासाची रसायनं आली. ती वाईट नाहीत पण कोरडी, टोकदार असतात, लांबवर जातात, आणि काही नाकांना तर यातली काही येतच नाहीत.

आपल्याकडच्या अत्तराची गोष्ट वेगळी. कनौजला डेगमध्ये, म्हणजे तांब्याच्या मोठ्या हंड्यात, फुलं उकळून वाफ भपका नावाच्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरवतात, म्हणजे जुन्या गुलाबाच्या अत्तराच्या तळाशीही चंदनच. आता बऱ्याच ठिकाणी त्याजागी पॅराफिन असतं. मी एकदा एका दुकानातून असली म्हैसूर म्हणून तीन ग्रॅमची कुपी घेतली, रात्रीपर्यंत नुसता तेलकटपणा उरला, वास गायब. कागदावर डाग राहिला म्हणजे नकली असं लोक सांगतात त्याच्यावर मात्र जाऊ नका, खरं चंदनतेलही जडच असतं, डाग राहतोच. डाग नाही, वास किती टिकतो ते पाहा.

जुन्या बाटलीचा वरचा वास आंबूस, नेलपॉलिशसारखा झाला तर लोक फेकून देतात, काहून देता? लिंबूवर्गीय भाग आधी बिघडतो, चंदन बरंच टिकतं, तो वरचा वास उडेपर्यंत वीस मिनिटं थांबायचं. अर्थात नागपूरचा मे महिना कोणालाच सोडत नाही, पंचेचाळीस डिग्रीत लोखंडी कपाट म्हणजे भट्टीच. त्यामुळे इथले शौकीन बाटल्या बॉक्ससकट फ्रिजच्या दारात नव्हे, आत मागे, लोणच्याच्या बरणीआड ठेवतात. झाकण मात्र घट्ट लावा. आमच्याकडे एकदा सैल राहिलं होतं, दोन दिवस ताकाला चंदनाचा वास येत होता आणि आईनं ते ताक तुळशीला पण घातलं नाही.