कढीपत्त्याची पानं खातंय कोण?

कुंडीतल्या कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याने शिटल्यासारखं काही दिसलं, तर झटकून टाकण्याआधी जरा वाकून बघा. बऱ्याचदा ती अळी असते. तपकिरी अंगावर पांढरे ओघळ आणि ओलसर चकाकी असल्यामुळे पक्षी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. काही दिवसांनी ती कात टाकते आणि हिरवीगार होते. मग हळूच बोट लावलं तर डोक्यामागून लालसर दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि आंबट, उग्र वास सोडते. ही कॉमन मॉरमॉन किंवा लाइम या दोनपैकी एखाद्या फुलपाखराची पोर. लिंबू, बेल आणि कढीपत्ता एकाच कुळातले असल्यामुळे तिला तिन्ही चालतात. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉनही याच कुळातल्या झाडांवर वाढतं.

देशी झाडं लावा असं हल्ली सगळेच सांगतात, पण का, ते फारसं कुणी सांगत नाही. माझ्या मते सगळ्यात पटणारं कारण पानात आहे. फुलातला मध पिताना फुलपाखरू झाडाचं गाव विचारत नाही; अमेरिकेतून आलेल्या घाणेरीवरही ते मजेत बसतं. अळीचं तसं नसतं. किडीने खाऊ नये म्हणून प्रत्येक झाड पानात आपापली रसायनं भरतं आणि ती पचवायची युक्ती काही मोजक्याच कीटकांना लाखो वर्षांत साधलेली असते. रुईचा चीक बहुतेकांना विषारी, पण प्लेन टायगर फुलपाखराची अळी पानाची शीर कुरतडून चिकाचा जोर कमी करते, मग पान खाते आणि ते विष स्वतःच्याच अंगात साठवते. ते विष पुढे फुलपाखरातही उतरतं. अशा फुलपाखराची चव एकदा घेतलेला पक्षी पुन्हा सहसा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून निव्वळ फुलांची बाग म्हणजे फुलपाखरांची खाणावळ; त्यांचा संसार पानांवर चालतो.

कढीपत्त्यावर वाढलेली कॉमन मॉरमॉनची मादी मात्र अजिबात विषारी नसते. तिने वेगळाच मार्ग काढला आहे. ईश्वरी किंवा सापसंद नावाची एक देशी वेल आहे. तिच्या विषारी पानांवर कॉमन रोझ नावाचं फुलपाखरू पोसलं जातं आणि स्वतःही बेचव, विषारी होतं. मॉरमॉनच्या बऱ्याच माद्या हुबेहूब या रोझसारख्या दिसतात: तसेच काळे पंख, मागच्या पंखांवर तशीच पांढरी-लाल नक्षी. नर मात्र आपल्या साध्या काळ्या-पांढऱ्या वेशातच राहतो. एकाच जातीत इतकी वेगवेगळी रूपं कशी टिकून राहतात, याचं उत्तर 2014 मध्ये मिळालं. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाकडे बोट दाखवलं. कीटकांमध्ये नर-मादीतला फरक घडवणारं हे जनुक. मॉरमॉनमध्ये ते मादीचा वेशही ठरवतं. खरी रोझ आणि तोतया यांतला फरक ओळखायचा असेल तर पंखांवर विसंबू नका, अंग बघा. रोझचं अंग लाल असतं, मॉरमॉनचं काळं.

हे सोंग चालतं ते परिसरात खरी रोझ असेल तोवरच, कारण पक्ष्यांना अद्दल तीच घडवते. म्हणून कढीपत्त्याशेजारी ईश्वरीची वेल असावी. मोठ्या कुंडीत, आधाराला जाळी देऊन ती चांगली चढते. तिची पिकलेली बोंडं देठाकडून उकलून उलट्या छत्रीसारखी लटकतात आणि आत चपट्या बियांची चळत असते. एक मात्र सांगायलाच हवं: तिचं नाव औषधी म्हणून कानावर आलं असलं तरी घरी काढा वगैरे करू नका. तिच्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगालाही कारणीभूत ठरतं. रुईचा चीकही डोळ्यांत जाऊ देऊ नका.

रोपवाटिकेत ईश्वरी मागितली तर कधीकधी तिचीच मोठ्या चितकबऱ्या फुलांची, दक्षिण अमेरिकेतली बहीण हातात देतात. दिसायला ती जास्त देखणी. पण ऑस्ट्रेलियात हीच शोभेची वेल बागांमधून रानात पसरली आणि तिथल्या रिचमंड बर्डविंग फुलपाखराच्या जिवावर उठली. माद्या नातलग समजून तिच्यावर अंडी घालतात आणि अळ्या ती पानं खाऊन मरतात.

कढीपत्ता बियांपासून करायचा तर पिकलेली काळसर फळं मिळाल्याबरोबर गर धुऊन लगेच पेरा. बी वाळलं की उगवण झपाट्याने घटते. नाहीतर मोठ्या झाडाच्या मुळांतून फुटलेली पिल्लं पावसाळ्यात वेगळी करा. कुंड्या दोन ठेवा. दोन-तीन अळ्या छोटं रोप चार दिवसांत बोडकं करतात. मग त्यांना दुसऱ्यावर हलवता येतं आणि फोडणीलाही चार पानं उरतात. बोडकं झालेलं रोप बहुधा पुन्हा फुटतं. कडुनिंबाचा फवारा निरुपद्रवी समजून मारू नका, त्याने अळीचं कात टाकणंच बिघडतं. विकत आणलेल्या रोपावर आधी कीटकनाशक मारलेलं असू शकतं, त्यामुळे नवी पालवी येईपर्यंत त्यावर अळ्या सोडू नका. आणि हौसेपोटी कासच्या पठारावरून किंवा कुठल्याही रानातून रोपं उपटून आणू नका. तिथली झाडं तिथेच कामाची असतात.

सगळ्या अळ्या जगत नाहीत. शिंपी आणि दयाळ हे पक्षी आपल्या पिल्लांसाठी त्या उचलून नेतात, तर काहींमध्ये बारीक गांधीलमाश्या आपली अंडी घालतात. त्यात ढवळाढवळ करायचं कारण नाही. पूर्ण वाढलेली अळी एक दिवस अचानक दिसेनाशी होते, तेव्हाही लगेच पक्ष्याला दोष देऊ नका. कोश करायला ती बऱ्याचदा झाड सोडून जाते आणि शेजारच्या काटकीला, जाळीला, अगदी कुंडीच्या कडेलाही रेशमाच्या एका धाग्याने कंबर बांधून बसते. हिरव्या फांदीवर कोश बहुधा हिरवा होतो, वाळक्या काटकीवर तपकिरी, त्यामुळे चटकन दिसत नाही. तेवढे दिवस कुंडीभोवतीची छाटणी आणि झाडलोट पुढे ढकला.